कोंबडीनं घातलेलं उकडलेलं अंडं

१

रत्नमालानं अंडं वाटीच्या काठावर आपटलं. नुसती चीर गेली. तिनं पुन्हा जरा जोरात आपटलं, तर टरफल चेपलं, पण आतून काही सांडलं नाही. तवा तापला होता, कांदा-मिरची चिरून तयार होती आणि लेक खुशबू ताटली घेऊन आमलेटाची वाट पाहत बसली होती. रत्नमालानं टरफल सोलून काढलं. आत पांढरंशुभ्र, गुळगुळीत, व्यवस्थित शिजलेलं अंडं होतं.

आता अंडं शिजलेलं असणं हा काही गुन्हा नव्हे. पण हे अंडं तिनं आत्ताच खुराड्यातल्या टोपलीतून स्वतःच्या हातानं उचलून आणलं होतं, आणि कोंबडीच्या पोटात चूल असते असं तिनं तरी कधी ऐकलं नव्हतं.

"अहो, या तं जरा इकडं!" तिनं हाक मारली.

नवरा अंकुश एका पायात बूट घालून आला. तो वरठीच्या कारखान्यात कामाला होता आणि मोटरसायकल बाहेर काढूनच ठेवली होती. त्याच्या मागून धाकटा दीर अनुप आला. शेवटी सासू धुरपताबाई आल्या.

"उकडेल अंडा!" अनुप हसतच सुटला. "वहिनी, तुमच्या कोंबड्या तं लय हुशार निघाल्या. उद्या तिखट-मीठ लावून देतीन."

रत्नमालाला मात्र हसू येईना. कोंबड्या पाळायची कल्पना तिची होती. दुकानातली अंडी परवडत नव्हती, घरात उरलेला भात आणि तांदळाची कनकी वाया जात होती, मागचं अंगण रिकामं पडलं होतं. चार कोंबड्या पाळल्या की पोरीच्या ताटात रोज अंडं पडेल आणि घरखर्चही हलका होईल, असा तिचा हिशेब. तिनं मोहाडीच्या बाजारातून चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, आणल्या. धुरपताबाईंनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता: "दाणे खातीन अन् घाण करतीन. पोळ्याच्या करीपर्यंत अंडा नाही दिला, तं चारही रश्श्यात!" पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी या भागात घरोघरी रस्सा शिजतो, आणि रश्श्याला कोणीतरी लागतंच.

पावसाळा अर्धा सरला तरी टोपली रिकामीच होती. मग एके दिवशी टोपलीत तपकिरी, गावरान दिसणारं अंडं सापडलं. रत्नमालानं त्याचा फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून रोज सकाळी एक अंडं मिळायचं आणि करीची टांगती तलवार टळली होती. आज ती परत आली.

"म्हणजे अंडा कोणीतरी आणून ठेवते," अनुप म्हणाला. "अन् कोंबड्या वाचाव्या असं ह्या घरात एकाच माणसाले वाटते."

तो थट्टेतच बोलला. पण सगळ्यांच्या नजरा रत्नमालाकडे वळल्या. अंकुशचीसुद्धा.

२

दुपारच्या एसटीनं चंद्रभागाबाई उतरल्या. अंकुशची ही आत्या, म्हणजे धुरपताबाईंची नणंद. जन्मभर एसटीत कंडक्टर होत्या. निवृत्त झाल्या तरी कंडक्टरची चामडी बॅग त्यांनी सोडली नव्हती. आता तिच्यात सुपारी, अडकित्ता आणि चष्मा असायचा. बिनतिकीट माणूस आपल्याला तोंडावरून कळतो, असा त्यांचा दावा होता, आणि तो खोटा ठरल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"जय भीम, पोरी," त्या ओसरीवर टेकल्या. "तोंड काहून उतरलं तुहं?"

इतका वेळ धरून ठेवलेलं रडू रत्नमालाला आवरेना. तिनं सगळं सांगितलं. "आत्याबाई, कोंबड्या गेल्या तं गेल्या. पण मी घरच्या माणसाले फसवलं, असं यायले वाटते. यायनं माह्याकडं कसं पाहिलं, ते तुम्ही नाही पाहिलं."

"रडणं मंग. आधी चाय मांड, अन् ते टरफल आण."

रत्नमाला चहा करायला उठली, तर डब्यात चहापत्ती तळाला गेलेली. आत्ताआत्ता तर भरला होता. अनुपचे दोस्त सारखे येतात, त्यांनीच संपवली असणार, असं मनाशी म्हणत तिनं डबा झटकला, कसाबसा चहा केला आणि पदराच्या टोकात बांधून ठेवलेलं टरफल चंद्रभागाबाईंच्या हातात दिलं.

चंद्रभागाबाईंनी चष्मा लावला. टरफल उन्हात धरलं. तपकिरी रंग एका बाजूला गडद होता, दुसऱ्या बाजूला फिका, आणि मधे ओघळ. त्यांनी चुलीतली चिमूटभर राख घेतली, अंगठा ओला केला आणि टरफलाचा तुकडा भांडं घासावं तसा घासला.

रंग निघाला. खाली टरफल पांढरंफटक होतं.

"हा गावरान नोहे," त्या म्हणाल्या. "दुकानातला पोल्ट्रीचा अंडा होय. कोणीतरी रंगवून ठेवला आहे."

"रंगवून?" रत्नमालाची नजर आपोआप कुंपणाकडे गेली.

कुंपणापलीकडे टिकाराम पोळ्यासाठी बैलांची शिंगं रंगवत बसला होता. त्याच्या पुढ्यात रंगाचे डबे होते आणि दोन्ही हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते.

३

टिकारामाची बायको आनंदाबाई आणि धुरपताबाई यांचं भांडण सगळ्या गल्लीला पाठ होतं. कोंबड्या कुंपणाखालून जायच्या आणि आनंदाबाईनं वाफ्यात लावलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, मुळासकट उकरायच्या. चंद्रभागाबाईंनी सरळ कुंपण गाठलं.

"आनंदाबाई, मोघम नको. सुट्टं बोला. आमच्या कोंबड्याचा तुम्हाले त्रास आहे का?"

"त्रास?" आनंदाबाईनं कंबरेला पदर खोचला. "पूरा सांबार खाल्ला वो बाई! अन् ते तांबडी तं रोज आमच्या कोठ्यात येऊन बोंबलते, एसटी सुटल्यावानी. बैल भेवतेत. आमचे हे तं कंटाळले हाकलून हाकलून."

"काल सकाळी भांडण झालं म्हणे?"

"भांडण कायचं? दोन शब्द बोलली मी. तेही तुमच्या भावजयीचं ध्यान कुठं होतं? सुरुवातीले घडी घडी चुलीकडं पाहे. मंग आली रंगात."

चंद्रभागाबाईंनी टिकारामाचे रंगाचे डबे हुंगले. मग टरफल हुंगलं आणि ते परत बॅगेत टाकलं. "यायचा रंग नोहे. हा रंग पाण्यानं जात नाही, अन् याले घासलेटाचा वास आहे," त्या परतताना म्हणाल्या. रत्नमालाला हायसं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. बाहेरचा संशयित सुटला की उरतात घरचेच.

अनुप खाटेवर पडला होता. शेजारी रस्सा-मसाल्याचं पाकीट होतं. करीची तयारी त्यानं आधीच करून ठेवली होती.

"मी कायले ठेवीन अंडे?" तो म्हणाला. "मी तं रश्श्याची वाट पाहून राहिलो. आपल्याच रश्श्यावर कोण पाणी ओतते, आत्या?"

"काल सकाळी माय अन् आनंदाबाई किती वेळ भांडल्या?"

"अरे बाप! मी आंघोळ केली, दाढी केली, चौकात जाऊन तंबाखूचा खर्रा घोटून आणला, तरी चालूच होत्या. आवाज मले चौकात आला."

अंकुशचा प्रश्न लवकर मिटला. मधे तो लाखांदूरला मुक्कामी गेला होता, आणि तेव्हाही टोपलीत अंडं आलंच होतं. खुराडं माणसाच्या कमरेइतकं. तिथं वाकून अंडं ठेवायला माणूस घरात तर हवा.

उरल्या धुरपताबाई. त्या न्हाणीशी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"मले कायले विचारता बाई?" त्या वर न पाहता म्हणाल्या. "मी तं पहिल्या दिवसापासून म्हणून राहिली, कापा. साऱ्या गावाले माहीत आहे."

"काल आनंदाबाईशी लय वेळ जुंपली होती म्हणे."

"छे! एवढंसंच. दोन शब्द."

"बोटं कायनं काळी झाली, वहिनी?"

रत्नमालानं पाहिलं. सासूची बोटं टोकाशी तपकिरी झाली होती. धुरपताबाईंनी हात तांदळात घातला. "खर्रा चोळते ना अनुपसाठी."

"बरं. चाय घ्या मंग थोडा."

"चाय सोडली मी. पित्त होते."

ओसरीवर येऊन चंद्रभागाबाईंनी रत्नमालाचा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "संध्याकाळी अंकुश आला की साऱ्याले बोलाव. शेजारच्या त्या दोघांलेही. कोणी अंडा ठेवला, मले समजलं. पण पोरी, ऐकून तुले आनंद होईन का दुःख, ते मले नाही समजलं."

४

दिवेलागणीच्या आधीच ओसरी भरली. अंकुश कारखान्यातून येऊन बूटही न काढता बसला. टिकाराम-आनंदाबाई कुंपण ओलांडून आले. धुरपताबाई दाराच्या आडोशाला होत्या.

"चला, पुढं सरका, दारात गर्दी नको," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि मधोमध स्टोव्ह ठेवला. त्यावर पातेलं, पातेल्यात पाणी आणि कालपासूनचा चहाचा चोथा. पाणी लाल झालं तसं त्यांनी बॅगेतून दुकानातलं पांढरं अंडं काढून त्यात सोडलं आणि झाकण ठेवलं. मग सावकाश सुपारी कातरली. सगळे झाकणाकडे पाहत राहिले. झाकण उघडलं, पळीनं अंडं बाहेर आलं. तपकिरी होतं. गडद-फिकं, ओघळ असलेलं, अगदी गावरान.

"चाय!" टिकाराम पुटपुटला.

"चाय," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "थंड्या चोथ्यात रातभर ठेवला तं अंडा रंगते अन् कच्चा राहते. रोजचे अंडे तसेच रंगले. आजचा मात्र काल चुलीवर राहिला, अन् शिजला. म्हणून ह्या घरात चायपत्ती पुरून नाही राहिली."

"म्हणजे झालं!" अनुप उठून बसला. "चाय कोण करते घरात? वहिनीच तं करते!"

अंकुशनं मान खाली घातली. आत्याबाई काही बोलतील म्हणून रत्नमालानं त्यांच्याकडे पाहिलं, तर त्या शांतपणे सुपारी चघळत दाराकडे बघत होत्या.

"चूप रे, बयताडा!"

आवाज दारातून आला. धुरपताबाई पुढं आल्या.

"तिनं नाही ठेवला. मी ठेवला. रोज मीच ठेवत होती."

आनंदाबाईच्या तोंडून "माय वो!" निघालं. अनुपचं तोंड उघडंच राहिलं.

"तू, माय?" अंकुश म्हणाला. "तूच तं कापा म्हणत होती!"

"म्हणत होती. बोलून बसली होती साऱ्या गावासमोर. मंग आपलाच शब्द कसा गिळू?" धुरपताबाई रत्नमालाच्या समोर येऊन बसल्या. "हे पोरगी रोज पहाटे टोपलीत हात घाले, अन् रिकामा हात पदराले पुसून घरात ये. कोणाले काही बोले नाही. मले नाही पाहवे. लग्न होऊन आली तेव्हापासून हिनं आपल्या मनानं एवढी एकच गोष्ट केली. तेही म्या रश्श्यात घालाले काढली. म्हणलं, कोंबड्यानंच मले खोटं पाडलं तं बरं. विहारातून येता येता दुकानातून एक अंडा आणो, लुगड्यात लपवो. पांढरा ठेवला असता तं ओळखला असता, म्हणून चाय."

"अन् आजचा?" चंद्रभागाबाईंनी विचारलं, जरी त्यांना माहीत होतं.

"काल सांजच्या वेळी जमणार नव्हतं, म्हणून सकाळीच चुलीवर थोडा कोमट कराले ठेवला, लवकर रंगन म्हणून. तेवढ्यात ही आली सांबार घेऊन." त्यांनी आनंदाबाईकडे बोट केलं. "दोन शब्द बोलून परत आली. एवढ्याशा वेळात कुठं शिजते, असं वाटलं."

"अनुपची दाढी, आंघोळ अन् खर्रा झाला तेवढ्या वेळात," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "भांडणारीले भांडण नेहमी लहानच वाटते. दोघीही मले 'दोन शब्द'च म्हणाल्या, तेव्हाच अंडा कसा शिजला ते समजलं. बाकी मी मुद्दाम नाही सांगितलं. सुनेवर आळ आला तं तुम्ही चूप बसणार नाही, हे मले माहीत होतं, वहिनी."

आता रत्नमाला रडली, पण हे रडणं दुपारच्यासारखं नव्हतं. सासूचे तपकिरी हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा वाटलं की हे घर आपलं आहे. अंकुश उठून जवळ आला. "माह्यं चुकलं," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मी तुह्याकडं तसं पाहाले नाही पाहिजे होतं."

सगळं गोड झालं असतं, पण अनुपला गप्प बसवत नव्हतं. "ते ठीक आहे," तो चाचरत म्हणाला. "पण मंग कोंबड्यायनं तं एकही अंडा दिला नाही ना? अन् परवा कर आहे."

शब्द धुरपताबाईंचा होता, आणि तो अजून मागे घेतलेला नव्हता. खरं बाहेर काढून आत्याबाईंनी कोंबड्यांच्या गळ्यावरच सुरी ठेवली होती. खुराड्यात तांबडी पंख झाडून दांडीवर चढली.

"थांबा," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "एक प्रवासी तपासायचा राहिला."

५

त्यांनी बॅग खांद्याला अडकवली. "आनंदाबाई, तांबडी तुमच्या कोठ्यात येऊन काय करते म्हणालात?"

"बोंबलते. रोज."

"कोंबडी अशी कवा बोंबलते?"

आनंदाबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिच्या माहेरी कोंबड्या होत्या. डोळे मोठे करून ती टिकारामाकडे वळली. "अवो, अंडा घातल्यावर!"

सगळे कुंपण ओलांडून धावले. रत्नमाला सगळ्यात पुढं होती. कोठ्यात उद्याच्या सणासाठी धुतलेले बैल रंगीत शिंगं हलवत उभे होते. गव्हाणीत पाहिलं, काही नाही. भाताच्या तणसाचा उरलासुरला ढीग उपसला, काही नाही. अनुपनं मोठ्यानं सुस्कारा सोडला.

"नवीन धान येईपर्यंत तुमच्या घरी कोणत्या वस्तूकडं कोणी पाहत नाही?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

टिकारामानं डोकं खाजवलं. मग तो कोपऱ्यात गेला. तिथं धान साठवायची बांबूची मोठी ढोली शेणानं सारवायची म्हणून आडवी पाडून ठेवली होती. धान संपलं होतं, दिवाळीशिवाय नवीन यायचं नव्हतं, सारवणं पावसामुळं राहूनच गेलं होतं. त्यानं आत हात घातला. हात कोपरापर्यंत गेला, मग खांद्यापर्यंत.

"हे घ्या," तो म्हणाला आणि तळहातावर अंडं घेऊन वळला. तपकिरी, लहानसं, आणि सगळीकडून सारखं तपकिरी. मग दुसरं काढलं. मग तिसरं. आनंदाबाईनं पदर पसरला, तो भरला, मग रत्नमालानं पसरला. चारही कोंबड्यांनी मिळून तिथं बाजार मांडला होता. बोंबलायची तेवढी तांबडी. चंद्रभागाबाईंनी एक अंडं राखेनं घासलं, पुन्हा घासलं. रंग जागचा हलला नाही.

"तिकीट आहे," त्या म्हणाल्या. "उतरवता येत नाही."

टिकाराम मोठ्यानं हसला. आनंदाबाईही हसली, पण लगेच सावरून म्हणाली, "अन् माह्या सांबाराचं काय?"

"अर्धे अंडे तुमचे," रत्नमाला म्हणाली. अंडी बादलीतल्या पाण्यात सोडली. बुडाली ती चांगली निघाली, तरंगली ती फेकली, तरी दोन घरांना पुरतील एवढी उरली. करीच्या दिवशी दोन्ही घरी अंड्यांचा रस्सा झाला, अनुपच्याच मसाल्याचा. त्यानं तीन वेळा वाढून घेतला आणि चेहरा मात्र अन्याय झाल्यासारखा ठेवला. आनंदाबाईनं वर उरलेला सांबार चिरून पाठवला होता.

जुनी ढोली टिकारामानं स्वतः डोक्यावर घेऊन रत्नमालाच्या अंगणात आणून आडवी ठेवली. "कोंबड्याले हेच घर आवडते तं घेऊन टाका. आमचे बैल तरी सुखानं झोपतीन."

चंद्रभागाबाई निघाल्या त्या सकाळी रत्नमाला उठली, तेव्हा धुरपताबाई आधीच अंगणात होत्या. त्या ढोलीपाशी उकिडव्या बसल्या होत्या, आणि समोर तांबडी आकाशाकडे मान करून बोंबलत होती. सासूबाईंनी आत हात घातला आणि अंडं बाहेर काढलं. कानाशी धरून हळूच हलवून पाहिलं. मग उठल्या, सुनेजवळ आल्या आणि ते कोमट अंडं तिच्या हातावर ठेवलं.

"घे," त्या म्हणाल्या. "हा मी नाही ठेवला."